कस्टम मेडल कुठून बनवून घ्यायचे, नाशिकमध्ये इव्हेंट करणाऱ्यांसाठी

थंडी पडली की नाशिकमध्ये दर रविवारी काहीतरी असतंच, कुठं मॅरेथॉन, कुठं सायकल राइड, शाळांचे स्पोर्ट्स डे, सोसायटीचं बॉक्स क्रिकेट, आणि मग ग्रुपवर तोच प्रश्न फिरतो की मेडल कुठून केले, रेट काय लागला. कोणीतरी एक नंबर टाकतं आणि दहा जण तोच नंबर लावतात. आता ज्याने नंबर टाकला त्याची ऑर्डर साठ नगांची होती आणि तुमची सहाशेची आहे, किंवा त्याच्या हातात दीड महिना होता आणि तुमच्या हातात बारा दिवस, हे कोण बघतंय? म्हणून दुकान शोधायच्या आधी दोन गोष्टी कागदावर लिहा, किती नग पाहिजेत आणि कोणत्या तारखेला हातात पाहिजेत. एवढं पक्कं झालं की निम्मी दुकानं आपोआप गळतात. रेटचा नंबर त्यानंतर लागतो.

तारीख म्हणताना इव्हेंटची तारीख धरू नका बरं का. रन रविवारी असेल तर शुक्रवार शनिवार बिब (छातीवर लावायचे नंबर) वाटपात जातात, त्याच्या आधी खोकी उघडून मोजायचं, खराब नग बाजूला काढायचे, फिती लावायच्या (फिती बऱ्याचदा वेगळ्या पिशवीत येतात आणि पाचशे मेडलांना हुक अडकवणं म्हणजे अख्ख्या कमिटीची एक संध्याकाळ गेली समजा). त्यामुळे इव्हेंटच्या आठ दिवस आधीची तारीख सांगायची आणि सांगताना स्पष्ट म्हणायचं की या तारखेला माल नाशिकमध्ये माझ्या हातात पाहिजे, कारण समोरच्याच्या डोक्यात त्याच्या गोडाऊनमधून माल निघायची तारीख असते. दिवाळीनंतरच्या तारखा तर फारच सांभाळून घ्या, कारागीर गावाला गेलेले असतात ते कधी परत येतील हे मालकालाच माहीत नसतं, आणि डिसेंबर जानेवारीत सगळ्या शाळांची गॅदरिंग आणि स्पोर्ट्स एकदम येतात त्यामुळे ट्रॉफीवाल्यांकडे पाय ठेवायला जागा नसते. २०२७ ला सिंहस्थाच्या पर्वण्यांच्या आसपास काही ठेवलं असेल तर माल महिनाभर आधीच आणून घरात ठेवलेला बरा, त्या दिवसांत शहरात गाडी शिरेल की नाही याचीच खात्री नाही.

नगांचं गणित सोपं आहे पण लोक ते शेवटी करतात. ३ किमी, ५ किमी, १० किमी अशा कॅटेगरी असतील तर प्रत्येकाला वेगळं मेडल करायची हौस सोडा, मेडल एकच ठेवा आणि फितीचा रंग बदला, मोल्डचा म्हणजे साच्याचा खर्च एकदाच लागतो आणि एका कॅटेगरीचे उरले दुसरीचे कमी पडले हा घोळ फक्त फितीपुरता राहतो. आणि इव्हेंट दरवर्षी करणार असाल तर मेडलवर साल टाकूच नका, साल फितीवर छापा. पुढच्या वर्षी तोच मोल्ड चालतो आणि पावसाने किंवा परवानगीने तारीख पुढं गेली तरी माल वाया जात नाही.

आता कुठं जायचं. पन्नासच्या आतबाहेर नग असतील तर बाहेरगावचा विचार करू नका, मेन रोड शालिमारच्या पट्ट्यात किंवा तुमच्या जवळच्या ट्रॉफीच्या दुकानात जा. तिथं तयार मेडल असतं, मधे गोल खाच असते, त्यात तुमचा लोगो छापलेला स्टिकर बसवून देतात, वरून पारदर्शक डोमिंग (रेझिनचा फुगीर थर) केलं तर दिसायलाही बरं दिसतं. एक दोन दिवसात काम होतं आणि दोन नग कमी पडले तर स्कूटरवर जाऊन आणता येतात, ही सोय कोणत्याही ऑनलाइनवाल्याकडे नाही. फक्त सगळ्यांची तीच तारे आणि मशालवाली मेडल असतात, त्याला इलाज नाही. निवडक चार पाच बक्षिसांसाठी थोडं भारी पाहिजे असेल तर तयार पितळी मेडल घेऊन मागच्या बाजूला नाव कोरून घ्या, भांडी बाजारात भांड्यांवर नावं घालणारे असतात त्यांना विचारून बघा, हाताने कोरलेल्या नावाला जी मजा आहे ती लेझरला नाही असं माझं आपलं मत.

पन्नास ते दीडशेच्या मधे लेझर कटिंगवाला बघा. अ‍ॅक्रिलिक किंवा एमडीएफ लाकूड, कुठलाही आकार कापून मिळतो, मोल्डचा खर्च शून्य, आणि वर यूव्ही प्रिंट केलं की फोटोसारखे रंग येतात. चार पाच दिवस लागतात. ट्रेकिंग ग्रुप, झाडं लावायचा कार्यक्रम, लहान मुलांच्या स्पर्धा यांना लाकडाचं मेडल शोभतं. पण दहा किलोमीटर पळून आलेल्या माणसाच्या गळ्यात सात आठ ग्रॅमची चकती घातली की त्याचं तोंड बघा, तो काही बोलत नाही पण स्टोरीला फोटो टाकत नाही.

इथे एक नाशिकचा खास मोह असतो तो सांगतो. आपल्याकडे सातपूर आणि अंबड एमआयडीसी, प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी डायकास्टिंगवाला (वितळलेला धातू साच्यात भरून पार्ट काढणारा) असतोच, आणि मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच की अरे आपल्या पाहुण्यांचीच कंपनी आहे, फुकटात करून देतील. ते गाड्यांचे पार्ट बनवतात हो, त्यांची डाय स्टीलची, ती हजारो लाखो पार्टसाठी बनवलेली असते, तुमच्या तीनशे नगांसाठी ती परवडत नाही, शिवाय प्लेटिंग (वरचा सोनेरी चंदेरी मुलामा) आणि रंग भरणं त्यांच्याकडे नसतं मग ते बाहेर द्या, पॉलिश बाहेर द्या, आणि पाहुणे असल्यामुळे उशीर झाला तरी बोलता येत नाही. एमआयडीसीचा खरा उपयोग वेगळा आहे. शीटमेटल लेझर कटिंगवाल्याकडून स्टेनलेस स्टीलची २ मिमीची मेडल कापून घ्या, त्याला प्लेटिंग लागतच नाही त्यामुळे उडायचा प्रश्न नाही, गंजायची भीती नाही, आणि दिसायला एकदम वेगळं. कडा मात्र घासून घ्यायला सांगा, नाहीतर बोटं कापतात, लहान मुलांच्या इव्हेंटला तर मी स्वतः एकेक कड बोट फिरवून बघेन.

दीडशे दोनशेच्या वर गेलात आणि हातात किमान महिना आहे तर मग खरं कस्टम, म्हणजे झिंक अलॉयचं कास्टिंग. हे काम मुंबई, दिल्ली, मेरठ, जालंधर या बाजूला जास्त चालतं, मेरठ आणि जालंधर तर खेळाच्या सामानाचीच गावं आहेत. डिझाईन फायनल झाल्यावर मोल्ड, कास्टिंग, पॉलिश, प्लेटिंग, रंग, फीत, असं सगळं धरून पंधरा वीस दिवस लागतात आणि जो आठ दिवसात देतो म्हणतो त्याला मोल्ड कधी तयार होणार ते विचारा, बहुतेक वेळा तिथंच गाडी अडकते. कमी नगांसाठी रबराचा मोल्ड वापरतात, तो स्वस्त पडतो पण जसजसे नग काढत जाल तसतशी त्याची बारीक नक्षी झिजत जाते, पहिल्या शंभर नगांतलं अक्षर आणि शेवटच्या शंभरातलं अक्षर यात फरक दिसू शकतो. त्यामुळे नग जास्त असतील तर मोल्ड कशाचा आहे आणि मधे बदलणार का हे विचारून ठेवा.

चीनमधून थेट मागवायचं म्हणाल तर फिनिशिंग सुंदर येतं यात वाद नाही. पण धंद्याचा माल आयात करायला आयईसी नंबर (आयात निर्यातीचा सरकारी कोड) लागतो, कस्टम ड्युटी भरायची, समुद्रातून आला तर महिना दीड महिना कुठं गेला कळत नाही, आणि जानेवारी फेब्रुवारीत त्यांचं नवीन वर्ष येतं तेव्हा कारखाने बंद, नेमका आपला सीझन. दोन हजार नगांच्या खाली या भानगडीत पडू नये. तसंही भारतातले काही जण तिकडूनच मागवून विकतात, ते चालेल, त्यात चूक काही नाही, फक्त आपल्याला माहीत पाहिजे.

हे माहीत करून घ्यायला फोनवर एकच प्रश्न विचारा. "दादा, कास्टिंग तुमच्याकडेच होतं का?" उत्तर "हो हो आपलाच माल आहे" असं आलं तर ते उत्तर नाही. आपलाच माल म्हणजे वरून येतो आणि आपण विकतो. पुढचं विचारा, "मग मोल्ड झाला की फोटो पाठवाल ना, आणि प्लेटिंगच्या आधीचा एक नग व्हिडिओ कॉलवर दाखवाल?" स्वतः बनवणारा लगेच हो म्हणतो, वर दोन गोष्टी समजावून सांगतो, की ही रेघ बारीक आहे जाड करा, हा कोपरा तुटेल. मधला माणूस "बघतो, विचारून सांगतो" म्हणतो. मधला माणूस वाईट असं नाही बरं, उलट नाशिकचाच मधला माणूस असेल आणि गडबड झाल्यावर त्याच्या दुकानासमोर जाऊन उभं राहता येत असेल तर दहा रुपये जास्त द्यायला माझी ना नाही. पण तीन हात मधे असतील, म्हणजे नाशिकचा मुंबईला सांगतो, मुंबईचा दिल्लीला सांगतो, तर तुमचा शेवटच्या क्षणीचा बदल तिथपर्यंत पोचतच नाही, आणि नेमका शेवटच्या आठवड्यात स्पॉन्सरचा लोगो बदलतो, हे तर ठरलेलंच.

फोटोवर विश्वास ठेवू नका, नमुना मागवा. तुमच्याच डिझाईनचा नमुना मोल्डशिवाय मिळणार नाही, पण त्यांनी आधी केलेलं कोणतंही मेडल कुरिअरने पाठवा म्हणायचं, त्याचे पैसे लागले तरी द्या. आलं की आधी फ्रीजवरचं मॅग्नेट लावून बघा. चिकटलं तर लोखंड, झिंक आणि पितळेला चिकटत नाही. झिंक सांगून लोखंड पाठवणारे आहेत, आणि लोखंडावरचं प्लेटिंग पातळ असलं की घामाने सहा महिन्यात कडेला तपकिरी डाग येतात. मग कडेवरून नख फिरवा, कास्टिंगची बारीक धार राहिलेली असेल तर अडकतं. उजेडात तिरपं धरून बघा, प्लेटिंगखाली फुगवटे असतील तर दिसतात, खरखरीत दाणे दिसले तर पॉलिश नीट झालेलं नाही. वरची कडी दोन बोटात धरून जोरात ओढा, मेडल तुटायची जागा तीच असते, आणि कडी नुसती वाकवून बंद केलेली असेल तर फट किती आहे बघा, फितीची शिवण त्यातून निसटते. शेवटी ओला रुमाल घेऊन फितीवर आणि रंगावर घासायचा. रुमालाला लाल निळं लागलं तर तेच उद्या लोकांच्या पांढऱ्या टीशर्टला लागणार आणि शिव्या तुम्हाला.

वजनाचं सांगतो कारण यात सगळ्यात जास्त फसवलं जातं. कोटेशनमध्ये फक्त साइज लिहितात, अडीच इंच किंवा ६५ मिमी, जाडी लिहीतच नाहीत. भरीव गोल ६५ मिमीचं आणि ३ मिमी जाडीचं झिंकचं मेडल साधारण ६५ ग्रॅम भरतं, तेच ७० मिमी आणि ४ मिमी केलं की १०० ग्रॅमला जातं. दिसायला फरक थोडा, हातात घेतल्यावर जमीन अस्मानाचा. अ‍ॅक्रिलिक त्याच ६५ मिमी आणि ३ मिमीमध्ये जेमतेम १२ ग्रॅम. मधे कटआउट असले किंवा मागची बाजू पोकळ ठेवली की वजन अजून उतरतं, आणि मागची बाजू पोकळ ठेवणं ही रेट कमी करायची जुनी युक्ती आहे. म्हणून तीन ठिकाणची कोटेशनं घेताना सगळ्यांना एकच मेसेज पाठवा ज्यात साइज, जाडी, मटेरियल, वजन, एक बाजू की दोन बाजू, रंग किती, फितीची रुंदी हे सगळं असेल, नाहीतर तुम्ही आंबे आणि कैऱ्यांचे रेट शेजारी शेजारी ठेवून बसाल. आणि प्लेटिंगला गोल्ड म्हटलं तरी सोनं नसतं हे कमिटीतल्या काकांना आधीच समजावून ठेवा, ऑलिंपिकचं पण नसतं, पॅरिस २०२४ चं गोल्ड मेडल ५२९ ग्रॅमचं होतं आणि त्यात सोनं फक्त ६ ग्रॅम, बाकी चांदी आणि मधे आयफेल टॉवरच्या जुन्या लोखंडाचा तुकडा.

डिझाईन. नाशिकच्या दर दुसऱ्या मेडलवर द्राक्षाचा घड असतो, असू दे, आपलं आहे ते. पण घडात जांभळा रंग भरायला जाऊ नका. प्रत्येक मण्याभोवती धातूची बारीक भिंत लागते तरच रंग आत थांबतो, आणि पाऊण इंचाच्या जागेत वीस मणी बसवले की भिंत राहतच नाही, सगळा एकच जांभळा डाग होतो. त्यापेक्षा थ्रीडी उठाव द्या, अँटिक फिनिश करा, खोलगट जागी काळपटपणा बसला की मणी आपोआप उठून दिसतात. पांडवलेणी, गोदाघाट, जे काही घ्याल त्यालाही हेच, रेघा कमी आणि जाड.

मराठी मजकूर असेल तर जास्त लक्ष द्या. फाइल कोरल ड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये असली तरी समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसतो, विशेषतः श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं असेल तर उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात, आणि मेरठच्या ऑपरेटरला वाटतं असंच असेल. म्हणून सगळा मजकूर कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृतीत) बदलूनच पाठवा आणि सोबत एक पीडीएफ द्या, तपासायला. तरी प्रूफ आलं की रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व दीर्घ एकेक करून बघा, "क्रीडा" आणि "स्पर्धा" या दोन शब्दांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि प्रूफ दोन माणसांनी वाचायचं, त्यातली एक शाळेतल्या मराठीच्या मॅडम असल्या तर उत्तम. एकदा हो म्हटलं की मोल्ड कापला जातो, नंतर चूक तुमच्या खात्यात. अक्षर एकदम बारीक असेल तर मात्रा आणि अनुस्वार कास्टिंगमध्ये भरून जातात, तेव्हा लांबलचक नाव मेडलवर नको, फितीवर छापा.

फीत पण नीट सांगा. सब्लिमेशन प्रिंट (उष्णतेने रंग कापडात मुरवतात ती छपाई), रुंदी २५ ते ३५ मिमी, पूर्ण लांबी ८० ते ९० सेंमी, पहिली दुसरीच्या मुलांना एवढी लांब फीत दिली तर मेडल पोटावर लोंबतं म्हणून त्यांची लांबी कमी सांगायची. साटिनची फीत चकाकते पण दोन धुण्यात धागे सुटतात.

पैशांचं. मोल्ड चार्ज वेगळा विचारा. समजा मोल्डचे ६००० असतील तर शंभर नगांवर नगाला ६० रुपये पडतात आणि पाचशेवर १२, म्हणून कमी नगांचा रेट ऐकून दचकायचं नाही आणि समोरच्याला लुटारू पण म्हणायचं नाही. पैसे आपण दिले तर मोल्ड आपला, पुढच्या वर्षी पुन्हा चार्ज लागणार नाही हे मेसेजमध्ये लिहून घ्या. जीएसटी धरून की सोडून, ट्रान्सपोर्ट कोणाकडे, पॅकिंगमध्ये प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत की सगळे एकत्र (एकत्र आले तर एकमेकांवर आपटून चरे पडलेले येतात), हे पण त्याच मेसेजमध्ये. साधारण अर्धे अ‍ॅडव्हान्स आणि अर्धे माल निघताना अशी पद्धत आहे, ती ठीक आहे, पण दुसरा हप्ता सोडायच्या आधी भरलेल्या खोक्यांचा नाही तर उघड्या मालाचा व्हिडिओ बघा. नवीन पार्टी असेल तर जीएसटी नंबर घेऊन पोर्टलवर टाका, कंपनीचं नाव आणि पत्ता लगेच दिसतो, नाव जुळत नसेल आणि पैसे कुठल्यातरी पर्सनल खात्यावर मागत असेल तर तिथंच थांबा.

एका ओळखीच्या ग्रुपचं असंच झालं होतं, पैसे सगळे आधी गेले, माल इव्हेंटच्या आदल्या रात्री ट्रॅव्हल्सच्या पार्सलने मुंबई नाक्याला उतरला, आणि चारशेमध्ये सत्तर एक नग फितीशिवाय. पार्सल उशिरा का आलं याचा कोणाला जाब विचारणार, पैसे तर देऊन बसलेले. म्हणून शेवटच्या हप्त्यातली थोडी रक्कम, दहा टक्के का होईना, माल मोजून झाल्यावर द्यायची असं सुरुवातीलाच ठरवा. नवीन गिऱ्हाइकाला सगळेच तयार होत नाहीत, पण विचारायला काय जातं, आणि जो तयार होतो त्याचं नाव पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा.

माल आला की त्याच दिवशी उघडा. वजनकाटा असेल तर दहा नग तोलून बघा, ठरलेल्या वजनाशी जुळतंय का, मग खोक्यातले वरचे बघून समाधान मानू नका, तळातले काढा, खराब माल तळाशीच असतो. जे नग खराब निघतील त्यांचे फोटो काढून लगेच पाठवा, चार दिवसांनी पाठवले तर तुमच्याकडेच खराब झाले म्हणतात. पाच टक्के जास्तीचे मागवलेले असतील तर आत्ता धावपळ होत नाही, आणि उरलेच तर ते व्हॉलंटियर्सना द्या, पहाटे चारपासून पाण्याच्या स्टॉलवर उभ्या राहिलेल्या पोरांना कोणी मेडल देत नाही.